सेट टॉप बॉक्सच्या आधीची केबल : तुमच्या गावात कुठलं चॅनल कितव्या नंबरवर होतं?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेलं एक काम शेवटी हातात घेतलंय आणि त्यात तुमची मदत पाहिजे. आमच्या साताऱ्यात केबल आली तेव्हापासून बॉक्स येईपर्यंत कुठलं चॅनल कितव्या नंबरवर दिसायचं त्याची वर्षवार यादी करतोय. चॅनल देशात कधी सुरू झालं हे कुठेही मिळतं, झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला, सोनी १९९५ ला, अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला, ई टीव्ही मराठी २००० ला. पण ते आपल्या गल्लीत कधी दिसायला लागलं आणि कुणाला हुसकून त्याला जागा दिली हे कुठेच लिहिलेलं नाहीये. ज्यांच्या घरी रोज ते बटण दाबलं जायचं त्यांच्याच लक्षात असणार, आणि ती माणसंही आता विसरत चालली.

आमच्याकडे आठ खटक्यांचा कलर टीव्ही होता. खटक्यांच्या शेजारी एक छोटा कप्पा, नखानं उघडायचा, आत प्रत्येक खटक्यासाठी एक बारीक दातेरी चक्र आणि त्याच्या बाजूला तीन घरांची एक सरकपट्टी, एल, एच आणि यू. कप्प्याच्या झाकणाला आतून एक प्लॅस्टिकची काडी अडकवलेली असायची, तिनं ते चक्र फिरवायचं. बाबा काडी फिरवणार, मी पडद्यासमोर उभा राहून "मुंग्या कमी झाल्या, अजून थोडं, थांबा थांबा, मागे घ्या" असं सांगणार. त्यामुळे आमच्या घरचा १ नंबर म्हणजे केबलवाल्याचा १ नंबर नव्हता, बाबांनी लावला तो. शेजारी तेच चॅनल ५ वर. म्हणून यादी करताना मी खटक्याचा नंबर सोडून केबलवाल्याच्या खऱ्या जागेचा शोध घेतोय आणि तिथेच अडलोय.

१९९३-९४ च्या सुमाराचं आमच्या खटक्यांवरचं जे पक्कं आठवतं ते असं, दूरदर्शन, मेट्रो, झी, स्टार प्लस (तेव्हा सगळं इंग्रजी), प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही आणि ते १९९४ ला गेल्यावर त्याच खटक्यावर चॅनल व्ही, बीबीसी, आणि शेवटचा खटका केबलवाल्याच्या स्वतःच्या व्हिडिओ चॅनलचा. आठ खटके, आठ चॅनल, संपलं. पुढे नवीन चॅनल आलं की घरात पंचाईत व्हायची, कुणाला काढायचं. बीबीसी काढायला आजोबा तयार नसायचे.

माझे प्रश्न असे. पहिला, केबलवाल्याचं व्हिडिओ चॅनल नेहमी काचेसारखं स्वच्छ आणि डिस्कव्हरी मात्र कायम मुंग्यांतून बघावं लागायचं, असं का? दुसरा, केबल आल्यावर दूरदर्शन त्याच्या मूळ जागेवरून हलवलं होतं, ते कशासाठी? तिसरा, वर्षातून दोनदा भर दिवसा थोडा वेळ चॅनल गायब व्हायची, आमचा केबलवाला सांगायचा "सूर्य आडवा आलाय", ते खरं की तो आम्हाला गप्प करायचा? आणि चौथा, ही जागावाटणी नक्की ठरवायचं कोण?

गावाचं नाव, साधारण वर्ष आणि जे आठवेल ते लिहा. अर्धवट आठवलं तरी चालेल.

गिरणगाव_लालबाग

मस्त विषय काढलात. मुंबईत केबल उपग्रहाच्या आधीच आली होती हे आधी नोंदवा. ऐंशीच्या दशकातच उंच इमारतींमध्ये एका खोलीत व्हीसीआर ठेवून सगळ्या घरांत वायर टाकलेली असायची. आमच्या चाळीत ती थोडी उशिरा आली पण पद्धत तीच, रात्री दोन सिनेमे, एक हिंदी आणि शनिवारी एखादा मराठी. डिश नव्हती, चॅनल नव्हतं, नुसती "लाइन" म्हणायचे. आई अजूनही केबलला लाइनच म्हणते, "लाइनवाला आला का पैशाला".

मग १९९१ च्या आखाती युद्धात मोठ्या हॉटेलांमध्ये सीएनएन दिसतं अशी बातमी सगळीकडे झाली, त्याच वर्षी स्टार टीव्ही आलं आणि बघता बघता गच्च्यांवर छत्र्या उगवल्या. आमच्याकडे पुढे हिंदुजांच्या इनकेबलची लाइन आली आणि त्यावर सीव्हीओ हे त्यांचं सिनेमांचं चॅनल. ज्यांनी ते बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसभर सिनेमे, मधे मधे गल्लीतल्या ज्वेलर्सची आणि साडीच्या दुकानांची जाहिरात, खाली पट्टी धावतेय, क्लासचे प्रवेश सुरू, फ्लॅट विकणे आहे, चि. अमुकला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझ्या धाकट्या भावाचं नाव त्या पट्टीवर आलं होतं तेव्हा अख्खा मजला आमच्या खोलीत जमला होता, पट्टी फिरून परत येईपर्यंत कुणी हलेना.

दुपारचं गणित लक्षात आहे. जेवणं उरकून बायका टीव्हीसमोर बसायच्या आणि तेव्हा जो सिनेमा लागायचा तो बघून संध्याकाळी नळावर चर्चा. मुलांसाठी कार्टून नेटवर्क १९९५ ला आलं, पण तेच चॅनल रात्री टीएनटी व्हायचं आणि जुने इंग्रजी सिनेमे सुरू. लहान मुलांना वाटायचं केबलवाल्यानं बंद केलं. किती फोन गेले असतील बिचाऱ्याला.

नंबर म्हणाल तर ९९ चॅनलचा रिमोटवाला टीव्ही १९९८ नंतर घेतला, तेव्हा सोनी आणि झी शेजारी शेजारी होते एवढं पक्कं सांगते, कारण जाहिरात लागली की एक बटण खाली, तिकडे लागली की एक बटण वर. २००० च्या जुलैत करोडपती सुरू झालं आणि महिन्याभरात स्टार प्लस पुढच्या नंबरांमध्ये आलेलं, आधी ते कुठेतरी मागे पडलं होतं. सगळी चाळ नऊ वाजता तिथे. तेव्हा केबलवाल्याला कुणी पत्र लिहिलं नव्हतं की याला पुढे आणा, त्याला आपोआप कळलं.

हेडएंड_मिरज

शाहूपुरी, तुमच्या चारही प्रश्नांना उत्तर आहे, जरा मोठं होईल, चहा घेऊन बसा. मी १९९३ पासून मिरजेत एका केबलच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होतो, पुढे सांगलीला. वायर ओढण्यापासून मॉड्युलेटर (चॅनलला केबलवर ठरलेल्या जागी बसवणारं यंत्र) लावण्यापर्यंत सगळं केलंय.

पहिलं म्हणजे जागा किती होत्या ते समजून घ्या. तेव्हाच्या साध्या टीव्हीला व्हीएचएफ हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा एवढंच नीट कळायचं. त्यात खालचा बँड म्हणजे चॅनल २, ३, ४, आणि वरचा बँड म्हणजे ५ ते १२. एकूण ११ जागा. तुमच्या कप्प्यातलं एल म्हणजे हा खालचा, एच म्हणजे वरचा आणि यू म्हणजे यूएचएफ, त्याच्याही वरच्या फ्रिक्वेन्सीचा. आता ११ जागा म्हणून ११ चॅनल टाकता येत होती का, तर नाही. सुरुवातीचे मॉड्युलेटर स्वस्तातले, त्यांचा सिग्नल शेजारच्या जागेत सांडायचा, चित्रावर आडव्या रेघा यायच्या. म्हणून एक आड एक जागा मोकळी सोडायची. २, ४, मग ५ (४ आणि ५ च्या मधे मोठं अंतर आहे म्हणून ते चालतं), ७, ९, ११. झाली सहा. शिवाय कुठे यूएचएफवर एखाद-दुसरं टाकून बघायचं. बऱ्याच गावांत सुरुवातीच्या केबलवर अर्धा-पाऊण डझनच चॅनल होती ती यामुळे, आभाळात जास्त होती तरी. चांगले फिल्टरवाले मॉड्युलेटर आले तेव्हा मधल्या जागा भरल्या.

त्यानंतर एस बँड आणि हायपर बँड आले. एस बँड म्हणजे ४ आणि ५ च्या मधली मोकळी पट्टी आणि १२ च्या पुढची. हायपर त्याच्याही वर. नवीन टीव्हीला ते दिसायचं, जुन्याला नाही. जुन्या टीव्हीवाल्यांना आम्ही कन्व्हर्टरचा डबा द्यायचो, तो टीव्हीवर ठेवायचा, टीव्ही एका चॅनलवर कायम आणि चॅनल डब्यावरून बदलायचं.

आता मुंग्यांचं. वायरीत सिग्नल जातो तेव्हा तो विझत जातो आणि फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका जास्त विझतो. ढोबळ हिशेब असा की फ्रिक्वेन्सी चौपट झाली की लॉस दुप्पट. म्हणजे २, ३, ४ वर टाकलेलं चॅनल गावाच्या टोकाच्या घरापर्यंत ठणठणीत पोचणार आणि तेच यूएचएफवर टाकलं तर तिसऱ्या अॅम्प्लिफायरनंतर मुंग्या. केबलवाला आपलं व्हिडिओ चॅनल खालच्या बँडमध्ये का ठेवायचा ते आता कळलं असेल, त्याच्या जाहिरातीचे पैसे त्यावर होते आणि ज्वेलर्सच्या घरीही केबल होती, त्याला आपली जाहिरात स्वच्छ दिसली पाहिजे. शिवाय व्हीसीआर कंट्रोल रूममध्येच, सिग्नल छत्रीवरून येणारा नव्हे, त्यामुळे मुळातच साफ. डिस्कव्हरीबद्दल वाईट वाटतं पण डिस्कव्हरी दिसत नाही म्हणून पैसे अडवणारं गिऱ्हाईक आम्हाला फारसं भेटलं नाही. मॅच दिसली नाही की मात्र दारात माणसं.

दूरदर्शनचं. गावात किंवा जवळच्या डोंगरावर दूरदर्शनचा टॉवर असला की त्याचा सिग्नल हवेतून थेट टीव्हीच्या आतल्या सर्किटमध्ये शिरतो, अँटेना काढली तरी. त्याच नंबरवर केबलमधून काहीही टाकलं तर दोन सिग्नल येणार. हवेतला आधी पोचतो, वायरीतला मागून, मग बातम्या देणाऱ्या बाईंच्या डाव्या अंगाला त्यांचीच फिकट सावली. म्हणून टॉवरचा नंबर असेल ती जागा मोकळी सोडायची किंवा तिथे कमी महत्त्वाचं काहीतरी टाकायचं आणि दूरदर्शन दुसरीकडे न्यायचं. १९९५ च्या केबल कायद्यानं दूरदर्शनची किमान दोन चॅनल दाखवणं बंधनकारक होतं आणि २००० च्या दुरुस्तीनंतर ती प्राइम बँडमध्येच, म्हणजे साध्या टीव्हीलाही दिसणाऱ्या व्हीएचएफच्या जागांतच, दाखवा असं आलं. तोपर्यंत काही ठिकाणी ती मागे कुठेतरी टाकलेली असायची हे खरं आहे.

सूर्याचं अगदी खरं आहे, तुमच्या केबलवाल्यानं फसवलं नाही. मार्चच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. छत्री उपग्रहाकडे रोखलेली, म्हणजे थेट सूर्याकडेही रोखली जाते, आणि सूर्याच्या लहरींपुढे उपग्रहाचा सिग्नल काहीच नाही. काही मिनिटं मुंग्या, मग आपोआप सुरळीत. प्रत्येक उपग्रहाची वेळ वेगळी. एशियासॅटवाली चॅनल, म्हणजे स्टार, झी, एका वेळी जायची आणि पॅनॅमसॅटची छत्री, ज्यावर सोनी असायचं, ती दुसऱ्या वेळी. आम्ही व्हिडिओ चॅनलवर पाटी लावायचो, "तांत्रिक कारणामुळे", कारण फोनवर सूर्याचं सांगितलं की लोक चिडायचे.

जागावाटणी. सुरुवातीला आम्हीच ठरवायचो, म्हणजे मालक, मी आणि वसुलीला जाणारा पोरगा. वसुलीवाल्याचं मत सगळ्यात वजनदार कारण तो दर महिन्याला प्रत्येक दारात उभा राहायचा, त्याला माहीत की कुठल्या गल्लीत क्रिकेट, कुठे सिनेमा, कुठे प्रवचन. प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर लागतो, पे चॅनल असेल तर त्याचा वेगळा डीकोडर, म्हणून नवीन चॅनल म्हणजे नवीन खर्च, उगाच कुणाला घेत नव्हतो. अल्फा मराठी आलं तेव्हा मात्र चर्चाच झाली नाही. पहिल्या दिवसापासून विचारणा होती, आम्ही चॅनल व्ही उचलून एस बँडमध्ये टाकलं आणि ती जागा अल्फाला दिली. कॉलेजची दोन-चार पोरं भांडायला आली, त्यांच्या आया दुसऱ्या दिवशी आभार मानायला आल्या.

२००० नंतर सगळं बदललं. टीआरपीचे मीटर लागले, चॅनलवाल्यांना कळलं की प्राइम बँडमध्ये असलं की आकडे वाढतात, आणि मग ते जागेसाठी पैसे मोजायला लागले. आधी केबलवाला चॅनलला पैसे द्यायचा, आता चॅनल मोठ्या केबल कंपनीला पैसे देऊ लागलं. वसुलीवाल्या पोराला विचारणं तिथे संपलं.

नागपूरचा_भाऊ

मिरजवाले काका, लय भारी लिहिलंत. आमच्या नागपुरातलं एक जोडतो. उन्हाळ्यात वीज जायची तेव्हा आपल्या घरी लाइट असूनही केबल बंद, कारण खांबावरच्या अॅम्प्लिफायरला वीज दुसऱ्याच कुणाच्या घरून जोडलेली आणि त्यांच्याकडचे लाइट गेलेले. आमच्या गल्लीचा अॅम्प्लिफायर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून चालायचा, बदल्यात दुकानदाराला केबल फुकट. दुकान बंद करताना त्यांनी चुकून मेन स्विच पाडला की अख्ख्या गल्लीची रात्रीची सिरियल गेली म्हणून समजा, मग कुणीतरी सायकलवर त्यांच्या घरी चावी आणायला. पुढे यूसीएन ही केबल कंपनी मोठी झाली आणि बॅकअप वगैरे आलं.

लाइनअप म्हणाल तर १९९६-९७ ला आमच्याकडे झी, झी सिनेमा, सोनी, स्टार प्लस, ईएल टीव्ही, होम टीव्ही, एटीएन, जैन टीव्ही, सन, आणि पीटीव्ही. हो, पाकिस्तानचं पीटीव्ही, त्यांची नाटकं बघायला आमच्या मोहल्ल्यात रीघ लागायची, उर्दू समजणारे म्हातारे हिंदू-मुसलमान दोघंही. ते १९९९ च्या जूनमध्ये कारगिलच्या वेळी सरकारनं बंद करायला लावलं आणि नंतर परत कधी दिसलं नाही. होम टीव्ही तर आलं कधी नि गेलं कधी कळलंच नाही, पण माझ्या आत्याला त्याचा लोगो अजून आठवतो.

बेळगावकर

आमच्या बेळगावचा अनुभव सगळ्यांपेक्षा वेगळा आहे म्हणून सविस्तर लिहितो. इथे एकाच गल्लीत मराठी, कानडी, कोकणी, उर्दू बोलणारी घरं आणि वायर एकच. उदया टीव्ही हे कानडी चॅनल १९९४ ला आलं तेव्हा मराठी चॅनल म्हणून फक्त दूरदर्शनची मराठी सेवा, ती पण तेव्हाच उपग्रहावरून सुरू झालेली, डीडी १०, जिचं पुढे २००० साली सह्याद्री झालं. मुंबईचं मराठी दूरदर्शन आम्हाला त्याआधी अँटेना उंच करूनही धड मिळत नव्हतं. त्यामुळे केबलवर पहिल्यांदा मराठी बातम्या स्वच्छ दिसल्या तेव्हा आमच्या वडिलांनी पुढच्या महिन्याचे पैसे आधीच देऊन टाकले, असं करणारा माणूस नव्हता तो.

मिरजकर काका म्हणतात तसं खालच्या बँडमधली जागा मोलाची, आणि आमच्याकडे ते भाषेशी जोडलेलं होतं. शहापूर, अनगोळ, वडगाव अशा मराठी वस्तीत फिरणाऱ्या ऑपरेटरकडे मराठी पुढे, कानडी वस्तीतल्याकडे उदया पुढे. दोन ऑपरेटरांची हद्द जिथे मिळायची तिथे रस्त्याच्या या बाजूला एक लाइनअप आणि त्या बाजूला दुसरी. आमची मावशी रस्त्यापलीकडे, तिच्याकडे गेलं की आमचे पाठ असलेले नंबर चालायचे नाहीत. अल्फा आल्यावर मात्र कानडी घरांतल्या बायकाही संध्याकाळच्या मराठी सिरियली बघायला लागल्या आणि आमच्या आईनं उदयावरचे सिनेमे बघून कानडी सुधारलं. हे मी नोंदवायला सांगतोय कारण बेळगावबद्दल जे लिहिलं जातं त्यात भांडणच असतं फक्त, आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी जे चालायचं ते त्यात कुठेच नसतं.

२००० च्या पुढे तारा मराठी आणि प्रभात अशी दोन मराठी चॅनलही आली होती, कुणाला आठवतात का? फार टिकली नाहीत. आमच्याकडे त्यातलं एकच दिसायचं, ते पण यूएचएफवर.

स्पष्टच_बोलतो

सगळ्यांच्या आठवणी छान आहेत, पण एक बाजू सुटतेय. एका भागात एकच केबलवाला, दुसऱ्यानं वायर टाकली तर रात्रीतून कापलेली. आमच्याकडे (गाव सांगत नाही) दिवाळीत वर्गणी वाढवायची आणि मान्य नसेल तर बरोबर सामन्याच्या दिवशी कनेक्शन बंद. पावती मागितली की हसायचे. आणि आपल्याला काय बघायचंय हे आपण ठरवतच नव्हतो, वसुलीवाला पोरगा ठरवायचा असं काका स्वतःच लिहितायत. माझ्या बहिणीला शास्त्राची आवड, तिला डिस्कव्हरी कधी नीट बघायला मिळालं नाही कारण ते "मागे" होतं. २००३ ला डिश टीव्ही आणि २००६ ला टाटा स्काय आलं तेव्हा आम्ही पहिल्या झटक्यात छत्री घेतली आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

हेडएंड_मिरज

स्पष्टच_बोलतो, तुमची तक्रार खरी आहे आणि मी ती नाकारणार नाही. वायरी कापल्या जायच्या, कनेक्शनचे आकडे कंपन्यांना कमी दाखवले जायचे, करमणूक करातही तेच. हेड पोस्ट ऑफिसात जाऊन केबलवाल्यानं नोंदणी करायची असा १९९५ चा नियम होता, किती जणांनी वेळेवर केली ते आम्हाला माहीत आहे. तुमच्या बहिणीला डिस्कव्हरी मिळालं नाही याचं वाईट वाटतं, खरंच.

फक्त एवढं सांगतो की बॉक्स आल्यावर निवड तुमच्या हातात आली असं पूर्णपणे झालेलं नाही. मुंबईत ऑक्टोबर २०१२ ला, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद, ठाणे, कल्याण-डोंबिवली वगैरेंना मार्च २०१३ ला बॉक्स सक्तीचा झाला, बाकीच्या शहरांना २०१५ च्या अखेरची मुदत आणि खेड्यांना त्याच्याही नंतरची. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचा, नियम आला, तेव्हा १०० चॅनलपर्यंत १३० रुपये अधिक कर आणि पे चॅनलचे वेगळे, आपण निवडायचे असं होतं. प्रत्यक्षात बहुतेक घरांनी कंपनीनं बांधून दिलेला पॅकच घेतला. मिरजेत माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला येणाऱ्या आज्या विचारायच्या, "आधी होतं तसंच ठेव की रे बाळा". त्यांना कसं सांगणार की आधी होतं तसं ठेवायची सोयच राहिली नाही.

आणि गेलं काय ते सांगू का? व्हिडिओ चॅनल. डिजिटलमध्ये लोकल चॅनल टाकायचं म्हणजे एन्कोडर, मोठ्या कंपनीची परवानगी, त्यांचे पैसे. कोल्हापूरचं बी न्यूज, सोलापूरचं इन सोलापूर अशी बातम्यांची चॅनल जम बसवून होती, त्यांचं वेगळं. पण छोट्या गावातला केबलवाला जो गणपती विसर्जन, टेनिस बॉलच्या मॅचेस, शाळेचं गॅदरिंग, यात्रेतली कुस्ती दाखवायचा तो बऱ्याच ठिकाणी बंद झाला. कुस्तीचं मैदान आम्ही दोन कॅमेऱ्यांवर दाखवायचो, शेतातून यायला जमलं नाही अशी म्हातारी माणसं घरी बसून बघायची. त्या कॅसेट कुणी ठेवल्या नाहीत. परत परत त्यावरच रेकॉर्ड करायचो, कॅसेट महाग होती.

गिरणगाव_लालबाग

काका, सक्तीच्या बॉक्सचा एक प्रयोग त्याच्या आधीच आमच्याकडे झाला होता हे विसरू नका. कॅस, म्हणजे पे चॅनल बघायचं तर डबा घ्यायलाच लागायचा. दक्षिण मुंबईच्या ठरवलेल्या भागात २००६ च्या ३१ डिसेंबरला लागू झालं. गिरगावातल्या आत्याकडे पे चॅनल बंद आणि हद्दीबाहेर राहणाऱ्या तिच्या जावेकडे सगळं चालू. आत्या महिनाभर जावेकडे सिरियल बघायला जात होती, मग डबा घेतलाच.

सीव्हीओच्या पट्टीवरची भावाची ती शुभेच्छा आम्ही व्हीसीआरवर टेप केली होती हो! आत्ताच आठवलं. आईच्या कपाटात असेल.

शाहूपुरी_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकर काकांमुळे माझी निम्मी यादी सुटली. आमच्या घरी स्टार प्लस, झी आणि व्हिडिओ चॅनलची सरकपट्टी एल वर होती हे मला पक्कं आठवतं, म्हणजे ती तिन्ही २ ते ४ मधली असणार. पण एक आड एक सोडायचं असेल तर तिथे दोनच मावतात, म्हणजे आमच्या केबलवाल्याकडे तोपर्यंत चांगले मॉड्युलेटर आले असणार, किंवा मग माझ्या खटक्यांचं वर्ष १९९४ च्या पुढचं आहे. काका, यातलं कुठलं जास्त शक्य वाटतं? झीवर कधीकधी आडव्या रेघा यायच्या एवढं आठवतं.

हेडएंड_मिरज

रेघा यायच्या म्हणता म्हणजे नक्कीच जुने मॉड्युलेटर आणि तरीही तिन्ही दडपून बसवलेले. बरेच जण करायचे. मधल्याची पॉवर थोडी कमी ठेवायची, मग दोन्हीकडचं जरा कमी मार खातं. झी रेघाळत असेल तर झी मधे, म्हणजे ३ वर. व्हिडिओ चॅनल २ वर आणि स्टार प्लस ४ वर, किंवा उलट. तुमचं वर्ष बरोबर असू शकतं.

शाहूपुरी_सातारा

झी ३ वर! लिहून टाकलं.

पुढची विनंती सगळ्यांना. वर्तमानपत्रातल्या "आज टीव्हीवर" या कोपऱ्यात चॅनलचं नाव आणि कार्यक्रमाची वेळ असायची पण नंबर नसायचा, त्यामुळे जुने पेपर चाळून ही यादी होणार नाही, मी नगर वाचनालयात बसून बघितलं. नंबर मिळायच्या जागा मला तीनच दिसतात. एक, काही केबलवाले दिवाळीला कार्ड वाटायचे, एका बाजूला लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला चॅनलची यादी, ती कुणाच्या देवघरात, कुणाच्या वीजबिलांच्या फाइलीत असू शकतात. दोन, टीव्हीच्या मागे किंवा रिमोटच्या कव्हरवर चिकटवलेली हातानं लिहिलेली चिठ्ठी. तीन, टीव्हीवरून टेप केलेल्या व्हीएचएस कॅसेट, त्यात चॅनल बदलताना कोपऱ्यात हिरवा आकडा उमटतो तो कधीकधी रेकॉर्ड झालेला असतो (टीव्हीतून व्हीसीआरला दिलं असेल तरच, व्हीसीआरनं थेट टेप केलं असेल तर नाही). लालबागच्या ताई, तुमच्या भावाची कॅसेट सापडली तर बुरशी लागली नाही ना ते आधी बघा, पांढरी पूड दिसली तर चालवू नका, हेड खराब होतं आणि टेपही जाते. पुण्यात कॅसेट साफ करून डिजिटल करून देणारे अजून आहेत, मी पत्ता खाजगीत पाठवतो.

बेळगावकर, तुम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन याद्या वेगवेगळ्या करून द्याल का? मावशीकडची पण. आणि नागपूरचे भाऊ, पीटीव्ही कुठल्या बँडवर होतं ते आत्याला विचारून सांगा, तिला होम टीव्हीचा लोगो आठवतो म्हणजे हेही आठवेल.

नागपूरचा_भाऊ

विचारलं. म्हणते ११ वर, आणि त्याच्या आधी १० वर काहीच नव्हतं, नुसत्या मुंग्या.